तीच तीन मुलं: डोंगरपट्ट्यातल्या एका शाळा-केंद्राचं प्रकरण

हे प्रकरण मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा, असतानाचं आहे. शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावांची नावं गाळली आहेत आणि काही तपशील सरकवले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं केंद्र. जिल्हा परिषदेच्या नऊ शाळा, 312 मुलं, 21 शिक्षक. केंद्रशाळा सातवीपर्यंत. बाकीच्या आठ शाळा चौथीपर्यंत, त्यांतल्या तीन बंजारा तांड्यांवर आणि दोन वस्त्यांवर. शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणून कागदावर या आठही शाळा द्विशिक्षकी. प्रत्यक्षात दोन शाळांत एकेक जागा रिकामी होती. जिथे दोघं होते तिथेही त्यांतला एक जण माहिती, प्रशिक्षण, मतदार यादी असल्या कशासाठी तरी तालुक्याला गेलेला असायचा. एका खोलीत चार इयत्ता आणि एक गुरुजी, हे रोजचंच दृश्य.

तांड्यांवरची आणि वस्त्यांवरची बहुतेक घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराची, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते. दसरा झाला की बांधाबांध सुरू होते आणि दिवाळीच्या मागेपुढे एखाद्या रात्री ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्याबरोबर लहान लेकरं, आणि त्या लेकरांना सांभाळायला थोडी मोठी लेकरं. परतीची तारीख कारखाना ठरवतो. पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की टोळी परत, मग तो फेब्रुवारी असो नाहीतर एप्रिल.

अडचण कशी लक्षात आली

2023-24 पासून तिसरीपासून पुढच्या वर्गांना वर्षातून तीनदा नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू झाली. आधी पायाभूत, मग संकलित एक आणि संकलित दोन. सगळे तिला पॅट म्हणतात. गुण चॅटबॉटवर भरायचे आणि तालुक्याच्या बैठकीत केंद्रनिहाय क्रमवारी पडद्यावर बघायची. ऑगस्ट 2023 च्या पायाभूत चाचणीत आमचं केंद्र तालुक्यात शेवटचं होतं. एप्रिल 2024 च्या संकलित दोनमध्ये दुसरं आलं. आढावा बैठकीत साहेबांनी मला उभं केलं, टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ मिळाला. मी तो घरी नेला आणि पाण्यात ठेवला, हे कबूल करतो.

मे महिन्यात निकालपत्रकं तपासायला एका तांड्यावरच्या शाळेत बसलो होतो. समोर तिसरीचे दोन कागद. ऑगस्टला नऊ मुलं चाचणीला बसली, त्यांतल्या तिघांना परिच्छेद वाचून उत्तरं देता आली. तेहेतीस टक्के. एप्रिलला पाच मुलं हजर, परिच्छेद वाचणारी तीन. साठ टक्के. सत्तावीस टक्क्यांची प्रगती! सहज नावांवरून बोट फिरवलं. दोन्ही कागदांवर तीच तीन मुलं होती. एक अंगणवाडीताईंची मुलगी, एक तांड्याच्या नायकाचा (प्रमुखाचा) नातू आणि एक पोरगा, ज्याचे वडील पुण्याला वॉचमन आहेत. म्हणजे ज्यांची घरं उसाला जात नाहीत ती तिघं. ऑगस्टमध्ये ज्यांना वाचता येत नव्हतं अशा सहांपैकी चौघं एप्रिलमध्ये फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, होती.

आठ महिन्यांत त्या वर्गात एकही नवं मूल वाचायला शिकलं नव्हतं, आणि आलेख वर चढला होता.

मग नऊही शाळांचे कागद काढले. पायाभूतला तिसरी ते सातवीची 168 मुलं बसली होती, संकलित दोनला 121. गळालेल्या 47 मुलांतली बहुतेक सगळी सर्वांत खालच्या पातळीवरची. कुणी लबाडी केली नव्हती. हजर मुलांची चाचणी घ्या असं सांगितलं होतं, हजर मुलांची घेतली.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी ध्यानात आली, ती खरं तर आधीच यायला हवी होती. पाच मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे वीस टक्के. एकाला ताप आला की शाळा वर जाते किंवा खाली येते. शहरातल्या चाळीसच्या वर्गाला लावायची टक्केवारी पाचाच्या वर्गाला लावून आम्ही शिक्षकांना शाबासकी देत होतो आणि नोटिसाही देत होतो.

टक्केवारी बाजूला ठेवल्यावर काय दिसलं

जून 2024 मध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात आम्ही एक साधं काम केलं. प्रत्येक मुलाला एकट्याला समोर बसवून वाचायला लावलं. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2005 पासून वापरतात तीच उतरंड घेतली: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. गणितात अंकओळख, वजाबाकी, भागाकार. लेखी पेपर नाही, गुण नाहीत. वहीत फक्त नाव आणि पातळी.

स्थलांतराचा परिणाम अपेक्षित होता, पण त्याचा आकार वेगळाच निघाला. जाणारी मुलं नुसती मागे नव्हती, ती एकाच जागी अडकली होती. दुसरीत अक्षरं, तिसरीत अक्षरं, चौथीतही अक्षरं. दरवर्षी जूनमध्ये गुरुजी नव्या इयत्तेचं पुस्तक उघडत, ही मुलं मागच्या रांगेत बसत, आणि मुळाक्षरं पक्की होण्याच्या बेतात आली की ट्रॅक्टर येई. निपुण भारत अभियानाची अपेक्षा अशी की तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला निदान साठ शब्द समजून वाचावेत. आमच्या काही चौथीच्या मुलांना एक शब्द जोडायला दहा सेकंद लागत होते.

आणखी एक धागा भाषेचा. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिलीतल्या एका मुलीनं फळ्यावरचं ‘आई’ बरोबर वाचलं. आ... ई. आणि गप्प. बाईंनी विचारलं, काय वाचलंस? तिला सांगता येईना. मागून तिचा भाऊ म्हणाला, "याडी." त्यावर मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं. ती वाचत होती, पण त्या वाचण्याचा तिच्या आईशी संबंध आहे हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाई तिथे चौदा वर्षं शिकवत होत्या आणि गोरमाटी त्यांना चांगली समजत होती. शाळेत बोलायची नाही, असा त्यांच्यावर जुना दंडक होता. तो कुणी घातला हे त्यांनाही आठवत नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. क्रमांक दुसरा आहे, सगळे खूश आहेत. यावर आमच्यात चर्चा झाली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दोन मुख्याध्यापकांनी तेच सुचवलं, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. खरा आकडा दाखवला तर शेरे शिक्षकांच्या नावावर येणार, उसाच्या नाही.

दुसरा, जुन्या प्रश्नपत्रिकांचा सराव. याने गुण वाढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला पर्याय कसा निवडायचा ते शिकवणं मला पटेना, म्हणून हा लवकर मागे पडला.

तिसरा, लहान शाळा बंद करून मुलांना केंद्रशाळेत आणायचं. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं सांगितली जात होती. शैक्षणिकदृष्ट्या याची बाजू अगदीच लंगडी नाही. एका वर्गाला एक शिक्षक मिळतो, बरोबरीची मुलं मिळतात. पण आमच्या दोन वस्त्यांच्या वाटेत ओढा आहे आणि पावसाळ्यात तो दोन-तीन दिवस उतरत नाही. कायद्यानं प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी ती याचसाठी. शिवाय ज्या मुलांसाठी हे करायचं ती नोव्हेंबरनंतर गावातच नसतात. बस कुणाला आणणार?

चौथा, हंगामी वसतिगृह. आई-वडील उसाला गेले तरी मूल गावात राहावं, शाळा व्यवस्थापन समितीनं दोन वेळचं जेवण द्यावं. आमच्याकडे याला वसतिगृह म्हणतात ते नावालाच, कारण मुलं रात्री आजीकडेच झोपतात.

पाचवा, इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायचे आणि रोज तासभर तेवढंच शिकवायचं.

निर्णय आणि कृती

चौथा आणि पाचवा पर्याय एकत्र घ्यायचा असं केंद्रातल्या शिक्षकांच्या जुलैच्या शिक्षण परिषदेत ठरलं. पण त्याआधी एक निर्णय मी एकट्यानं घेतला होता, आणि तोच सगळ्यांत वादाचा ठरला. तालुक्याला द्यायच्या अहवालात मी मुलांचे दोन भाग केले: वर्षभर गावात असणारी आणि जाणारी. नमुन्यात तसा रकाना नव्हता. कार्यालयातून फोन आला, "सर, रकाना नसलेली माहिती कशाला पाठवता?" मी जोडपत्र म्हणून वेगळा कागद लावला.

परिषदेत त्याच तांड्यावरच्या बाई उठल्या. एरवी त्या कमी बोलतात. म्हणाल्या, "सर, आकडा खरा केलात ते ठीक. पण तो आमच्या गळ्यात बांधलात. तुमची तीन वर्षांनी बदली होईल." मला उत्तर देता आलं नाही. आज वाटतं, कागद पाठवण्याआधी तो या एकवीस जणांसमोर ठेवायला हवा होता. मी खरेपणाच्या भरात होतो आणि त्याची किंमत दुसरे मोजणार होते.

पातळीनुसार गटांचं काम पोषण आहारानंतरच्या तासात बसवलं. तीन गट. अक्षर-शब्दवाल्यांकडे अनुभवी शिक्षक, परिच्छेदवाल्यांकडे दुसरा, आणि गोष्ट वाचणारी मुलं ओट्यावर आपली आपण. चौथीचा मुलगा दुसरीच्या मुलांबरोबर बसायला लाजेल अशी भीती होती. एकदोघं लाजली. बाकीच्यांना पहिल्यांदाच काहीतरी जमत होतं, त्यांनी इयत्तेचा विचारही केला नाही. तांड्यांवर या तासाला गोरमाटी खुली केली. मुलं आपल्या बोलीत वाक्य सांगत, बाई ते देवनागरीत फळ्यावर लिहीत, मग शेजारी मराठीत. ‘बाटी’ लिहिलं, शेजारी ‘भाकरी’. त्या फळ्याचा फोटो माझ्याकडे अजून आहे.

एकच शिक्षक असलेल्या दोन शाळांत हे आठवड्यातून तीनच दिवस चालायचं, कारण उरलेले दिवस तो माणूस ‘तात्काळ माहिती’च्या मागे. इथे आम्ही जे केलं ते या प्रकरणातलं सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी काम होतं. केंद्रशाळेतले एक तरुण सर संगणकात वाकबगार होते. नऊही शाळांची ऑनलाइन माहिती त्यांनी शनिवारी दुपारी एकत्र भरायची आणि त्या बदल्यात त्यांचे दोन तास इतरांनी घ्यायचे. केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शाळेच्या वेळेत मी काहीही मागणार नाही, हा नियम मी स्वतःला लावला. पहिल्या महिन्यात मीच तो चार वेळा मोडला.

वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये गेला. पाच शाळांत मिळून जाणारी मुलं 58 होती. पण 2024 चं वर्ष विधानसभा निवडणुकीचं. 20 नोव्हेंबरला मतदान आणि 15 नोव्हेंबरपासून गाळप. ज्या पंधरवड्यात घरोघर जाऊन मूल ठेवा म्हणून सांगायचं, नेमके त्याच पंधरवड्यात शिक्षक निवडणूक प्रशिक्षणाला. कायद्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना चालतात, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. आम्ही तांड्यावर पोचलो तेव्हा निम्म्या घरांना कुलूप होतं.

34 मुलं राहिली. जेवणाचा निधी डिसेंबर संपेपर्यंत आला नाही. किराणा उधारीवर आणला आणि समितीच्या अध्यक्षांनी आपली पत त्यासाठी वापरली. जानेवारीअखेर 23 उरली. गेलेली अकरा उपाशी राहिली म्हणून गेली नाहीत. रात्री आईचा फोन आला की मूल रडे, आजी हळवी होई, आणि पुढच्या रविवारी कुणीतरी मोटारसायकलवर बसवून फडावर पोचवून येई. त्या अकरांतल्या सात मुली होत्या. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या खोपटात, धाकट्या भावंडाला धरायला कुणीतरी लागतं.

सोबत जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं, की ज्या गावात जाल तिथल्या शाळेत हे दाखवा, बसवून घेतील. लॅमिनेशन करून दिलं. परत आल्यावर तिघांची कार्डं वापरलेली होती, तिकडच्या शाळेचा शिक्का सुद्धा होता. बाकीची तशीच पत्र्याच्या पेटीतून निघाली, कोपराही मुडपला नव्हता. फडापासून शाळा लांब, टोळी आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात. कार्ड काय करणार?

काय निष्पन्न झालं

एप्रिल 2025 मध्ये आमचं केंद्र क्रमवारीत दुसऱ्यावरून सहाव्यावर घसरलं. कारण साधं होतं. यावेळी चाचणीला 150 मुलं बसली, आणि जी नव्यानं बसली ती मागची होती. बैठकीत विचारणा झाली. मी जोडपत्र पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं, घडी घालून फाइलमध्ये ठेवलं आणि पुढच्या केंद्राकडे वळले.

त्या तांड्यावरच्या तिसरीची नऊ मुलं एव्हाना चौथीत होती. जून 2025 मध्ये शाळा उघडल्यावर ती पाचवीला केंद्रशाळेत आली तेव्हा पुन्हा एकेकाला वाचायला लावलं. सहा जण परिच्छेद वाचत होते. आधीची तीन आणि नवी तीन. नव्यांतली दोघं वसतिगृहात टिकलेली, एक फडावर जाऊन आलेला. दोन अजून शब्दांवर होती. नववी मुलगी परत आलीच नव्हती. तिचं कुटुंब कर्नाटकात गुऱ्हाळावर थांबलं होतं.

आता यातलं किती आमच्या कामाचं, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. 2024-25 ला ऊसच कमी होता. बरेच कारखाने फेब्रुवारी-मार्चमध्येच बंद झाले आणि टोळ्या नेहमीपेक्षा आधी परतल्या. म्हणजे आमच्या मुलांना त्या वर्षी शाळेचे पाच-सहा आठवडे जास्तीचे मिळाले, ते उसाच्या टंचाईनं दिले. पुढच्या हंगामात ऊस उदंड झाला तर हाच तास, हेच गट आणि हीच वही कुठवर पुरेल?

शाळाशाळांतला फरकही सांगायला हवा. दोन शिक्षक प्रत्यक्ष हजर असलेल्या शाळांत अक्षरावर अडकलेली मुलं जवळजवळ सगळी पुढे सरकली. एका शिक्षकाच्या दोन शाळांत फारसं काही हललं नाही. रिकाम्या जागेवर पद्धतीचं ठिगळ बसत नाही, एवढं तिथे लख्ख दिसलं.

काय वेगळं करता आलं असतं

मेमध्ये आम्ही परतलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग काढला, तो आठ दिवसांत मोडला. डोंगरात मे म्हणजे पाण्याचा महिना. मुलं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी, आणि आम्ही शाळेत सतरंजी अंथरून बसलेलो. तांड्यावरच्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हे आधीच सांगितलं असतं. तोच वेळ जूनपासूनच्या पहिल्या सहा आठवड्यांत घालायला हवा होता. नवं पुस्तक न उघडता, परतीच्या मुलांसकट.

मुलींच्या बाबतीत आम्ही चुकीच्या माणसांशी बोललो. मूल ठेवायचं की न्यायचं हे आम्ही वडिलांना विचारत होतो. निर्णय घेत होती ती आई, कारण तान्ह्याला कोण धरणार हा हिशेब तिचा असतो. धाकट्या भावंडासकट दोघांना आजीकडे ठेवा आणि धाकट्याचं जेवण अंगणवाडीतून होईल, असं एका घरी बाईंनी सुचवलं. ती मुलगी शेवटपर्यंत राहिली. हे एकाच घरी झालं, कारण सुचलंच जानेवारीत.

चाचणीच्या तारखा आमच्या हातात नाहीत. पण तोंडी वाचन कधी घ्यायचं हे आमच्या हातात होतं आणि आम्ही ते पॅटच्या मागेपुढे धरत राहिलो. मोजमाप ट्रॅक्टरच्या तारखांना बांधायला हवं होतं: जाण्याआधी एकदा, आल्याच्या आठवड्यात एकदा. तरच मधल्या महिन्यांत कुणाचं काय पुसलं गेलं ते कळतं.

2025 च्या नवरात्रात त्या बाई आणि मी संध्याकाळी तांड्यावर गेलो. नायकाच्या ओसरीवर बसून कोणतं घर कोणत्या मुकादमाकडे, गाडी कधी लागणार, बरोबर कोण जाणार, मागे कोण राहणार हे विचारलं. बाई गोरमाटीत विचारत होत्या, मी वहीत उतरून घेत होतो. एकोणीस घरांची यादी झाली. तारखा पेन्सिलीनं लिहिल्या. दोन घरांच्या पुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे.